पाच व्होल्टचा एक चॅनेल रिले मॉड्यूल : घरच्या सीएनसी यंत्रावर वर्षभर वापरल्यानंतर

पुण्याच्या तापकीर गल्लीत शंभर रुपयांच्या आत मिळणारा, निळ्या चौकोनी रिलेचा (छोट्या सिग्नलने चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचचा), पाच व्होल्टचा एक चॅनेल मॉड्यूल मी गेले वर्षभर माझ्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या, यंत्रावर वापरत आहे. यंत्र घरीच बांधलेले आहे. ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटारींचे ड्रायव्हर बसवण्याचा सीएनसी शील्ड व्ही-३ हा जोड-बोर्ड, उनोमध्ये प्रोग्राममधल्या आज्ञा वाचून यंत्र चालवणारे जीआरबीएल १.१ हे सॉफ्टवेअर आणि कापायला कटर फिरवणारा ७०० वॉटचा ट्रिम राउटर, असा सगळा संच आहे. त्यावर मी लाकडी दारपाट्या आणि मखराचे एमडीएफचे भाग कोरतो. राउटर हाताने चालू-बंद करावा लागू नये, प्रोग्राममधल्या एम३ या आज्ञेला तो सुरू व्हावा आणि एम५ ला थांबावा, एवढ्या एका गरजेपोटी हा मॉड्यूल घेतला.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कमी व्होल्टेजची एखादी कॉइल (रिलेसारख्या स्विचला चालवणारे तारेचे वेटोळे) ओढण्यासाठी हा मॉड्यूल उत्तम आहे आणि त्या कामासाठी मी तो निःसंकोच सुचवेन. परंतु २३० व्होल्टचा राउटर थेट त्याच्या स्क्रू-टर्मिनलला जोडण्यासाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही. या मताला मी वाचून नव्हे, तर अनुभवाने आलो आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

मॉड्यूलवर एका बाजूला डीसी प्लस, डीसी मायनस आणि इन असे तीन पॉइंट आहेत. दुसऱ्या बाजूला एनओ (एरवी तुटलेले), कॉम (सामाईक) आणि एनसी (एरवी जुळलेले) ही तीन टर्मिनले आहेत. मध्ये रिले, एक ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा जोडलेला डायोड, ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग), दोन एलईडी आणि एच-एल असे छापलेला छोटा जम्पर आहे. ट्रान्झिस्टर आणि डायोड बोर्डवरच असणे हा या मॉड्यूलचा पहिला मोठा गुण आहे. या रिलेची पाच व्होल्टची कॉइल साधारण ७० ओमची असते, म्हणजे ती ७० मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते. उनोवरच्या एटीमेगा-३२८पी या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पिअर आहे आणि रोजच्या वापरात २० च्या वर जाऊ नये, असा संकेत आहे. त्यामुळे नुसता सुटा रिले आणून पिनला जोडला, तर पिन जळण्याची भीती असते. शिवाय कॉइल बंद होताना उलटा उसळणारा व्होल्टेजचा झटका थेट चिपला बसतो. मॉड्यूलमध्ये या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त केलेला आहे आणि वर्षभरात त्या बाजूने मला कोणताही त्रास झालेला नाही.

ऑप्टोकपलरबद्दल मात्र एक गैरसमज सर्रास आढळतो. बोर्डवर तो दिसतो म्हणून कंट्रोलर आणि रिले विद्युतदृष्ट्या एकमेकांपासून वेगळे झाले, असे पुष्कळ जण धरून चालतात. या एक चॅनेलच्या बोर्डवर तसे होत नाही, कारण इनचा सिग्नल आणि रिलेची कॉइल दोन्ही एकाच डीसी मायनसवर येऊन मिळतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ऑप्टोकपलरच्या दोन्ही बाजूंची ग्राउंड तपासली, तर मीटर लगेच वाजतो. खरी अलगता हवी असेल, तर जेडी-व्हीसीसी जम्पर असलेला दोन किंवा चार चॅनेलचा बोर्ड घ्यावा लागतो. त्याचा जम्पर काढून कॉइलला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि त्या पुरवठ्याची ग्राउंड उनोच्या ग्राउंडला न जोडता ठेवावी लागते. जम्पर तसाच ठेवला, तर त्या बोर्डवरचा ऑप्टोकपलरही नावापुरताच राहतो.

आता जम्परविषयी, कारण खरा धोका माझ्या मते इथेच सुरू होतो. जम्पर एच वर असेल, तर पिनवर पाच व्होल्ट आल्यावर रिले ओढला जातो, आणि एल वर असेल, तर पिन शून्यावर गेल्यावर. जीआरबीएल सुरू होताच स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटारीची, इथे राउटरची) आणि कूलंटची (कटर थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पिन शून्यावर नेते, कारण त्याच्या हिशेबाने शून्य म्हणजे बंद. पण जम्पर एल वर असेल, तर तेच शून्य म्हणजे चालू. मला मॉड्यूल मिळाला तेव्हा जम्पर एल वर होता. सुदैवाने पहिली चाचणी मी राउटर न जोडता, त्याच्या जागी होल्डरमध्ये साठ वॉटचा बल्ब लावून घेतली. यूएसबी जोडल्यावर एक-दोन सेकंदांत, एकही आज्ञा न देता, तो बल्ब लागला. तिथे राउटर असता आणि मी कोलेट (कटर पकडणारा भाग) आवळत असतो, तर काय झाले असते, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये या पिना उलट्या करण्याची सोय आहे, पण जम्पर एच वर सरकवणे हा त्याहून सरळ उपाय आहे. एच वर ठेवल्यास यूएसबी निघाली किंवा उनो बंद पडला, तरी रिले सुटतो आणि यंत्र सुरक्षित बाजूला जाते. त्याच्या जोडीला इन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओमचा रेझिस्टर लावला, म्हणजे रिसेटच्या काळात पिन अधांतरी असतानाही रिले शांत राहतो.

पिन कोणती घ्यावी, याची माहिती मॉड्यूलबरोबर येत नाही आणि शील्डवर छापलेली अक्षरे इथे दिशाभूल करतात. व्ही-३ शील्डवरची नावे जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे आहेत. १.१ मध्ये वेग बदलता येणाऱ्या स्पिंडलची सोय मूळचीच चालू असते. त्यामुळे स्पिंडलची पिन डी-११ वर जाते आणि झेड अक्षाचा लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचे कळवणारा) डी-१२ वर येतो, म्हणजे शील्डवरच्या नावांच्या अगदी उलट. मी प्रथम रिले डी-११ वर जोडला. एम३ एस१००० (एस पुढचा आकडा वेगाचा) दिल्यावर तो नीट ओढला गेला, कारण डॉलर-३० या सेटिंगमध्ये कमाल वेग मुळात १००० धरलेला असतो आणि त्या आकड्याला पिन सलग चालू राहते. पण एका जुन्या प्रोग्राममध्ये एस५०० लिहिलेले होते. तेव्हा पिनवर सेकंदाला सुमारे हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल आला आणि रिलेतून माशी डबीत अडकावी तसा आवाज येऊ लागला. अशा थरथरत्या कॉन्टॅक्टमधून राउटरचा प्रवाह जाणे म्हणजे सतत ठिणग्या पडणे.

डी-१३ चा विचारही मी केला, कारण ती पिन स्वतंत्र एनेबल म्हणून वापरण्याचा पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये आहे. पण उनोचा बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक रिसेटला त्याच पिनवरचा दिवा काही वेळा लुकलुकवतो. सॉफ्टवेअरमधून पोर्ट उघडला, की उनो रिसेट होतो, आणि दिव्याबरोबर रिलेही टकटकतो. राउटरसाठी हे मला मान्य नव्हते. शेवटी कॉन्फिग फाइलमधली व्हेरिएबल स्पिंडलची ओळ निष्क्रिय करून जीआरबीएल पुन्हा भरले. त्यामुळे स्पिंडलची पिन डी-१२ वर आली, तिथे निव्वळ चालू आणि बंद एवढेच मिळते, आणि शील्डवर छापलेली नावेही खरी ठरली. ज्यांच्या राउटरचा वेग त्याच्या अंगावरच्या चकतीनेच ठरतो, त्यांना मी हाच मार्ग सुचवेन.

यानंतर येते ती दुसरी बाजू, म्हणजे २३० व्होल्टची. रिलेच्या डोक्यावर १० ॲम्पिअर, २५० व्होल्ट एसी असे छापलेले असते. माझा राउटर ७०० वॉटचा, म्हणजे चालू असताना तीन ॲम्पिअरच्या आसपास. त्यामुळे पहिले काही महिने मला यात काही वावगे वाटले नाही आणि मी फेजची तार थेट कॉम आणि एनओमधून नेली. तो छापील आकडा हीटर किंवा बल्ब यांसारख्या साध्या भारासाठी असतो, हे मला नंतर नीट उमगले. या प्रकारच्या रिलेच्या माहितीपत्रकात मोटारीसारख्या प्रेरक भारासाठी वेगळी ओळ असते आणि तिथला आकडा ३ ॲम्पिअर आहे, तोही १२० व्होल्टला. ब्रशच्या मोटारीचा राउटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. कॉन्टॅक्ट जुळताना किंचित उडी मारतात आणि नेमक्या त्याच क्षणी हा प्रवाह त्यांच्यामधून जातो.

सातव्या-आठव्या महिन्यात एका संध्याकाळी एक दारपाटी कोरून झाली, प्रोग्राम संपला, एम५ आले, मॉड्यूलवरचा दिवा विझला आणि राउटर चालूच राहिला. यंत्राच्या दृष्टीने काम संपले होते, पडद्यावर स्पिंडल बंद दिसत होता, आणि समोर कटर पूर्ण वेगाने फिरत होता. मी भिंतीवरचा स्विच बंद करून तो थांबवला. नंतर रिलेचे निळे टोपण ब्लेडने कापून आत पाहिले. तीळभर आकाराची कॉन्टॅक्टची दोन टोके एकमेकांना वितळून चिकटली होती, भोवती काळे कोंडाळे होते आणि टोपणाच्या आतल्या बाजूवर धुरकट थर बसला होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जरा जोर दिल्यावर ती सुटली. याला मी मॉड्यूलचा दोष म्हणणार नाही, कारण भार माझाच चुकीचा होता. पण विक्रीच्या पानांवर याच मॉड्यूलला घरगुती उपकरणे आणि मोटारी जोडलेली चित्रे दाखवतात, ती पाहून माझ्यासारखेच दुसरेही फसतील, याची मला काळजी वाटते.

दुसरी त्रुटी बोर्डच्या मांडणीतच आहे. या चौकोनी रिलेत कॉमची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते, त्यामुळे बोर्डखाली २३० व्होल्टची पट्टी आणि पाच व्होल्टची पट्टी काही मिलिमीटरच्या अंतराने शेजारी बसतात. चांगल्या बोर्डवर त्यांच्यामध्ये आरपार खाच कापलेली असते, म्हणजे धूळ किंवा ओल जमून प्रवाहाला वाट मिळत नाही. माझ्या बोर्डवर खाच होती, पण नंतर त्याच किमतीत घेतलेल्या दुसऱ्या बोर्डवर ती नव्हती. शिवाय फ्लक्स तसाच राहिलेला होता आणि कापलेल्या पिनांची टोके खाली टोकदार उभी होती. आमच्या सोसायटीचे वायरमन काका वायरिंग बघायला आले होते, त्यांनी बोर्ड उलटा करून मला नेमकी तीच जागा नखाने दाखवली आणि म्हणाले, “सर, इथून दोनशेतीस जातंय आणि हे बोटभर पुढे तुमच्या लॅपटॉपची वायर. मधे आहे काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. सीएनसीच्या जागी लाकडाचा भुसा उडतो आणि पावसाळ्यात तोच भुसा ओल धरतो. ॲल्युमिनियम कापणाऱ्यांकडे तर धातूचा चुरा असतो. अशा जागी हा बोर्ड डबीशिवाय उघडा ठेवणे मला मुळीच पटत नाही.

तिसरा त्रास कमी धोक्याचा, पण मनस्ताप देणारा होता. राउटर थेट रिलेतून बंद होताना कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडे आणि दर आठ-दहा वेळांतून एकदा यूएसबी तुटे किंवा लिमिट स्विचला कोणी हात न लावताही हार्ड लिमिटचा अलार्म येई. मी आधी लिमिट स्विचवर संशय घेतला, त्यांच्या तारा बदलल्या, पण फरक पडला नाही. राउटरच्या तारा आणि सिग्नलच्या तारा एकाच केबल चेनमधून जात होत्या, त्या वेगळ्या केल्या. लिमिटच्या तारा जाळीच्या आवरणाच्या घेतल्या आणि ती जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड केली. तेव्हा कुठे हे प्रकार बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले ते पुढच्या बदलानंतरच.

आता मी हाच मॉड्यूल ज्या रीतीने वापरतो, ती रीत सांगतो. स्टेपर मोटारींसाठी यंत्रात २४ व्होल्टचा पुरवठा होताच, म्हणून २४ व्होल्ट डीसी कॉइलचा ९ ॲम्पिअर मोटार-भाराचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या भारासाठीचा दणकट रिले, घेतला. राउटरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या मुख्य कॉन्टॅक्टमधून जातात. मॉड्यूलचा रिले फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढतो. ती कॉइल पाव ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि एवढे काम हा रिले सहज करतो. मॉड्यूलच्या बोर्डवर आता २३० व्होल्ट कुठेही येत नाही. कॉइलच्या ए-१ आणि ए-२ या टोकांवर १एन४००७ डायोड लावला आहे, त्याची पट्टीची बाजू प्लसकडे. हा डायोड विसरला, तर कॉइलचा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट खातो आणि यूएसबी तुटण्याचा व खोट्या अलार्मचा त्रास पुन्हा सुरू होतो. २३० व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर स्वस्त आणि कुठेही मिळणारा असला, तरी त्यात मेनचा प्रवाह पुन्हा बोर्डवर येतो. नाइलाजाने तोच घ्यावा लागला, तर बोर्डला खाच आहे ना, हे पाहूनच घ्यावा आणि डायोडऐवजी १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या एक्स-२ कपॅसिटरचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) कॉइलवर लावावा.

आणीबाणीत दाबायच्या लाल मशरूम बटणाचा, एरवी जुळलेला असणारा (एनसी) ब्लॉक कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेत मालिकेत आहे. म्हणजे बटण दाबल्यावर आर्डुइनो काय म्हणतो, रिले चिकटला आहे की नाही, याचा काहीही संबंध न राहता कॉइल सुटते. त्याच बटणाचा दुसरा, एरवी तुटलेला असणारा (एनओ) ब्लॉक शील्डवरच्या अबॉर्ट आणि ग्राउंडमध्ये लावला आहे, म्हणजे जीआरबीएलही थांबते. फीड होल्डने (काम तात्पुरते थांबवण्याच्या आज्ञेने) अक्ष थांबतात, पण स्पिंडल थांबत नाही, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. तसेच लॅपटॉप झोपी गेला, तर जीआरबीएल हातातल्या ओळी संपवून उभे राहते आणि कटर एकाच जागी फिरत लाकूड जाळत राहतो. रिलेकडून यातले कशाचेही संरक्षण मिळत नाही, म्हणून यंत्र चालू असताना खोली सोडू नये.

कॉन्टॅक्टरच्याही आधी, लाकूडकामाच्या यंत्रांवर असतो तसा नो-व्होल्ट रिलीज स्विच लावला आहे. वीज जाऊन परत आली, तर हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय राउटरला पुरवठा मिळत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यामुळे याचा उपयोग मला जवळजवळ दर आठवड्याला होतो. उद्या कॉन्टॅक्टरच चिकटला, तरी या स्विचचे लाल झाकण हाताने दाबून पुरवठा तुटतो. या सगळ्याच्या मागे एमसीबी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आहे. चौकट आणि धातूची पेटी यांना अर्थिंग दिले आहे. माझा राउटर दुहेरी इन्सुलेशनचा असल्याने त्याला अर्थची पिन नाही, पण चौकटीला अर्थ हवाच, कारण केबल चेनमध्ये घासून तार उघडी पडली, तर ती पहिली चौकटीला लागते.

जोडणीतली एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. स्क्रू-टर्मिनलमध्ये जाणाऱ्या बहुतारी वायरच्या टोकाला सोल्डर लावण्याची सवय पुष्कळांना असते, मलाही होती. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू दबते, पकड ढिली पडते आणि टर्मिनल तापू लागते. टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) चेपून लावावी. नुसत्या तारा पिळून घातल्या, तर त्यातली एखादी केसाएवढी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागू शकते, आणि या मॉड्यूलची टर्मिनले इतकी जवळजवळ आहेत, की हा धोका काल्पनिक नाही. राउटरकडे जाणारी वायर मी दीड चौरस मिलिमीटरची घेतली आणि पेटीत शिरताना ग्लँडमधून नेली.

सगळे जोडून झाल्यावर राउटर लगेच लावू नका, बल्ब लावा. माझी चाचणी अशी असते. आधी यूएसबी आणि मग २४ व्होल्ट, मग उलट क्रमाने. पोर्ट उघडून बंद करणे. उनोचे रिसेट दाबणे. एम३ चालू असताना यूएसबी उपटणे. एम३ चालू असताना मशरूम बटण दाबणे आणि ते सोडल्यावर बल्ब आपोआप परत लागतो का ते पाहणे. या शेवटच्या चाचणीत माझी एक चूक उघडी पडली होती. अबॉर्टची तार ढिली राहिल्यामुळे जीआरबीएल रिसेट झाले नव्हते, आणि बटण सोडताच बल्ब पुन्हा लागला होता. तेव्हापासून वायरिंगला हात लागला, की बल्बची चाचणी पुन्हा करतो. मेनच्या कामाची सवय नसेल, तर पेटीतला २३० व्होल्टचा भाग वायरमनकडून करून घ्यावा. पाच आणि चोवीस व्होल्टचा भाग आपला आपण करता येतो.

खर्चाचा हिशेब पाहता मॉड्यूल सगळ्यात स्वस्त पडतो आणि कॉन्टॅक्टर, स्विच, बटण, पेटी यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून हा मॉड्यूल विकत घेताना एकट्या त्याची किंमत धरू नये. घेताना बोर्ड उलटा करून खाच पाहावी, जम्परचा एच-एल पर्याय आहे ना ते पाहावे, स्क्रू-टर्मिनल हलवून बघावे. माझा पहिला मॉड्यूल रिले बदलून आजही चालतो आहे आणि नव्या रचनेत गेल्या चार महिन्यांत ना यूएसबी तुटली, ना खोटा अलार्म आला.

याच भरवशावर दुसरा मॉड्यूल मी व्हॅक्यूम क्लीनरसाठी ए-३ या कूलंटच्या पिनवर, म्हणजे ती चालू-बंद करणाऱ्या एम८ आणि एम९ या आज्ञांवर, लावत आहे. क्लीनर १४०० वॉटचा आहे, तेव्हा त्याला वेगळा कॉन्टॅक्टर आणि वेगळा १६ ॲम्पिअरचा सॉकेट दिला आहे, आणि सध्या त्या सॉकेटला बल्ब लागलेला आहे.